पंधरा हजार डॉलरचा काउबॉय

यूट्यूबवर जुने काउबॉय चित्रपट शोधले तर शेकडो सापडतात. पूर्ण लांबीचे, काळेपांढरे आणि फुकट. एकेक जेमतेम ५५ मिनिटांचा. त्यात एक तरणाताठा घोडेस्वार गावात येतो, गावावर कुणीतरी अन्याय करत असतो, दोन पाठलाग आणि तीन मारामाऱ्या होतात, आणि शेवटी गावाचं भलं होतं. दुसरा लावला तर तेच. तिसऱ्यात तर खडकसुद्धा ओळखीचे वाटू लागतात.

नव्या प्रेक्षकाला कोडं पडतं ते इथेच. गोष्ट तीच, आवाज खरखरीत, गुत्त्याच्या भिंती पुठ्ठ्याच्या वाटाव्यात अशा, आणि तरीही एकदा सुरू केलेला चित्रपट बंद करवत नाही. ९० वर्षांपूर्वी घाईघाईने उरकलेल्या या कामात असं काय आहे? याचं उत्तर हिशेबाच्या वहीत सापडतं. या चित्रपटांत जे जे दिसतं, ते कुठल्या ना कुठल्या न परवडणाऱ्या खर्चावर काढलेला तोडगा असतं. तो तोडगा ओळखता येऊ लागला की चित्रपट वेगळाच दिसू लागतो.

उदाहरणासाठी आपण एकच मालिका घेऊ: १९३३ ते १९३५ या काळात मोनोग्राम पिक्चर्स या कंपनीसाठी 'लोन स्टार' या नावाखाली निघालेले १६ चित्रपट. सगळ्यांचा नायक एकच, विशीतला जॉन वेन, जो पुढे अमेरिकेतला सर्वांत मोठा वेस्टर्न नट झाला.

'बी' म्हणजे दुय्यम दर्जा नव्हे

दोनच शब्द आधी समजून घेऊ. 'वेस्टर्न' म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागात, साधारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडणारी गोष्ट: गुरं राखणारे, वसाहतवाले, रेल्वे, शेरीफ, दरोडेखोर. आणि 'बी-वेस्टर्न' म्हणजे थिएटरातल्या दोन चित्रपटांच्या खेळात दुसऱ्या जागेसाठी बनवलेला वेस्टर्न.

हा दोन चित्रपटांचा खेळ मंदीतून आला. १९२९ नंतर अमेरिकेची अर्थव्यवस्था कोसळली आणि १९३३ मध्ये तिथे दर चार कामकऱ्यांमागे एक बेकार होता. थिएटरं रिकामी पडू लागली. मग मालकांनी एका तिकिटात दोन चित्रपट द्यायला सुरुवात केली, सोबत कार्टून आणि बातमीपट. पहिला मोठा चित्रपट 'ए', दुसरा छोटा 'बी'. ग्रामोफोनच्या तबकडीला जशा दोन बाजू, तसं.

पैशांचा फरक मात्र मूलभूत होता. 'ए' चित्रपटाच्या निर्मात्याला तिकीटविक्रीतला टक्का मिळायचा. 'बी' चित्रपट ठरावीक भाड्याने जायचा. थिएटर भरलं काय नि ओस पडलं काय, भाडं तेवढंच. म्हणजे चित्रपट कितीही चांगला केला तरी उत्पन्न वाढणार नाही. नफा वाढवायचा एकच मार्ग उरतो, खर्च कमी ठेवणं. खानावळीत महिन्याचे पैसे आधीच ठरलेले असले की मालकाचं सगळं लक्ष बाजारहाटाकडे जातं, तसंच हे. पण खानावळ बेचव झाली तर गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात येत नाही. या चित्रपटांनाही पुढच्या शनिवारी तीच पोरं परत आणायची होती. खर्च वाढवायचा नाही आणि चव जाऊ द्यायची नाही, या दोन दोऱ्यांच्या ताणात हे चित्रपट घडले.

गरिबांची आळी

हॉलिवूडमध्ये गॉवर स्ट्रीटच्या आसपास छोट्या कंपन्यांची दाटी होती. त्या भागाला 'पॉव्हर्टी रो' म्हणत, म्हणजे गरिबांची आळीच. सनसेट आणि गॉवर या रस्त्यांच्या कोपऱ्यावर हॅट, बूट, कमरेला पट्टा अशा पूर्ण वेषात माणसं कामाची वाट पाहत उभी असायची. त्यांतले बरेचजण खरेच गुराखी होते, किंवा रोडिओच्या म्हणजे घोडेस्वारीच्या स्पर्धांच्या रिंगणातून आलेले. मोकळी चराऊ रानं आणि त्यावरची कामं आटत गेली तसे ते दिवसाच्या रोजावर पडद्यावरचे गुराखी झाले. या चित्रपटांतली घोडेस्वारी आजही डोळ्यांत भरते याचं पहिलं कारण हे. घोड्यावर बसलेला माणूस बहुतेक वेळा घोड्यावरच वाढलेला असायचा.

जॉन वेन या आळीत आला तो वरून पडून. १९३० मध्ये राउल वॉल्श या दिग्दर्शकाच्या 'द बिग ट्रेल' या भव्य चित्रपटात त्याला पहिली मुख्य भूमिका मिळाली. दहा लाख डॉलरहून अधिक खर्चाचा हा चित्रपट ७० मिलिमीटरच्या रुंद फितीवरही चित्रित केला होता. मंदीत तशी नवी यंत्रं बसवायला थिएटरं तयार नव्हती. चित्रपट पडला आणि वेनचं नावही खाली आलं. १९३९ मध्ये जॉन फोर्डच्या 'स्टेजकोच'ने त्याला वर काढेपर्यंत मधली आठ-नऊ वर्षं तो मुख्यतः अशाच छोट्या चित्रपटांत राबला. लोन स्टारच्या एका चित्रपटाचा खर्च साधारण १० ते १५ हजार डॉलर आणि चित्रीकरण जेमतेम आठवड्याभराचं. 'द बिग ट्रेल'च्या पैशांत असे सत्तर-ऐंशी चित्रपट झाले असते.

पंधरा हजारांत वाचवायचं कुठे?

सुरुवात जागेपासून. सेट बांधायचा तर सुतार, रंगारी, लाकूड, दिवे आणि दिव्यांना वीज लागते. डोंगराला काहीच लागत नाही. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला न्यूहॉलजवळच्या प्लॅसेरिटा कॅन्यनमध्ये पश्चिमी गावाचा एक रस्ता उभा होता. चॅट्सवर्थला आयव्हर्सन रँच होतं, तिथे गोल, प्रचंड वाळूखडक. सकाळी निघून संध्याकाळी परत येता यायचं, म्हणजे मुक्कामाचा खर्च नाही. तेच खडक पुन्हा पुन्हा दिसतात ते यामुळे. पण याचा एक लाभ झाला, जो त्या वेळी कुणी मुद्दाम योजला नसावा. पडद्यावर खरं ऊन, खरी धूळ आणि वाऱ्याने हलणारी खरी झुडपं आली. त्याच काळातले कितीतरी महागडे चित्रपट स्टुडिओच्या रंगवलेल्या आकाशाखाली घडतात आणि आज ते आकाश ओळखू येतं. इथला डोंगर मात्र डोंगरच राहिला.

प्रकाशासाठी सूर्य. चंदेरी पत्रा किंवा कागद लावलेल्या फळ्यांनी ऊन नटांच्या तोंडावर पाडायचं, म्हणजे हॅटच्या सावलीत चेहरा काळा पडत नाही. नीट पाहिलं तर नट त्या चमकेमुळे डोळे किलकिले करताना दिसतात. रात्रीची दृश्यंसुद्धा दिवसाच. कॅमेऱ्याला लाल काच लावली की काळ्यापांढऱ्या फितीवर निळं आकाश गडद उमटतं. फितीवर प्रकाश थोडा कमी पडू दिला की रात्र झाली. गडबड होते ती सावल्यांची. 'रात्री' घोड्याखाली काळीकुट्ट, धारदार सावली दिसली तर समजावं की वर दुपारचा सूर्य आहे.

या मालिकेत बराच काळ कॅमेऱ्यामागे आर्ची स्टाउट होता. पुढे १९५२ च्या 'द क्वाएट मॅन'च्या छायाचित्रणाचं ऑस्कर त्याला विभागून मिळालं. पैसे कमी होते, पण हात कसबी होते. झाडाच्या फांदीखालून, दूरच्या टेकडीच्या कडेवरून एकटा घोडेस्वार जातो, अशी एखादी चौकट या चित्रपटांत अचानक येते आणि थबकायला होतं.

आता फीत. ३५ मिलिमीटरची बोलपटाची फीत सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने चालते, म्हणजे मिनिटाला ९० फूट. ५५ मिनिटांच्या चित्रपटाला जवळपास ५,००० फूट लागतात, हजार फुटी पाच रिळं. चित्रीकरणात फुकट गेलेली प्रत्येक फूटभर फीत खिशातून जाते. म्हणून एकाच दृश्याचे दहा-दहा टेक घेणं शक्यच नसायचं. संवाद अडखळला तरी अर्थ कळतोय ना, मग पुढे. आपल्याला जो अभिनय कधी लाकडी, तर कधी चकित करण्याइतका सहज वाटतो, तो बरेचदा पहिल्या किंवा दुसऱ्याच प्रयत्नातला असतो.

पाठलाग मात्र मुक्यानेच टिपायचे. आवाज मुद्रित करायचा नसेल तर कॅमेरा २४ ऐवजी २० चौकटींनी चालवता येतो. पडद्यावर तो २४ ने दाखवला की घोडा एक पंचमांशाने जास्त वेगात धावतो. टापांचा आणि गोळ्यांचा आवाज नंतर चढवायचा. हे जास्त ताणलं तर माणसं बाहुल्यांसारखी झटके देत हलतात. घोडा चौखूर उधळलेला असताना हे खपून जातं, पण नट खाली उतरून चालू लागला की पितळ उघडं पडतं.

सगळ्यांत धीट बचत आहे ती जुन्या फितीची. लोन स्टारच्या आधी, १९३२-३३ मध्ये, वेनने वॉर्नर ब्रदर्ससाठी सहा वेस्टर्न केले. कंपनीच्या कपाटात केन मेनार्ड या नटाच्या मूकपटांतली भव्य दृश्यं पडून होती: गुरांचे कळप, गाड्यांचे तांडे, मोठाले पाठलाग. मग वेनला मेनार्डसारखे कपडे घातले, मेनार्डच्या 'टारझन' या घोड्याशी मिळताजुळता 'ड्यूक' नावाचा पांढरा घोडा दिला, आणि जवळची दृश्यं तेवढी नव्याने टिपली. दुरून दौडतो तो मेनार्ड, जवळ येऊन घोडा थांबवतो तो वेन. आधी दागिना घरात आहे, म्हणून त्याला शोभेलशी साडी घ्यावी, तशी ही पटकथा.

आणि संगीत? लोन स्टारच्या चित्रपटांत सुरुवातीची नावं संपली की पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. वादक, हक्कांचे पैसे, ध्वनिमिश्रणाचा वेळ, सगळंच वाचलं. पहिल्यांदा ही शांतता खटकते. दहा मिनिटांनी चामड्याच्या खोगिराची करकर, पायरीवरचे बूट, दाराची कडी ऐकू येऊ लागते. धोका कधी आहे हे सांगायला व्हायोलिन नसतं, त्यामुळे प्रेक्षकाला स्वतःच कान टवकारून बसावं लागतं.

पडायचं कसं, मारायचं कसं

या चित्रपटांचा खरा कलावंत कुणाला म्हणावं, तर ते याकिमा कानट या माणसाला. जन्म १८९५, वॉशिंग्टन राज्यातला. रोडिओचा विजेता, मग मूकपटांचा नट, आणि बोलपट आल्यावर मुख्यतः स्टंट करणारा व छोटा खलनायक. लोन स्टारमध्ये तो वेनचा डुप्लिकेट असायचा आणि अनेकदा त्याच चित्रपटात खलनायकाचा साथीदारही. त्यामुळे कधीकधी कानटच पुढे पळतो आणि वेनच्या वेषातला कानटच त्याच्या मागे लागलेला असतो. एकाच माणसाच्या पगारात दोन कामं.

धावत्या घोड्यावरून पडताना जीवघेणी गोष्ट जमीन नसते, रिकीब असते. पाऊल रिकिबीत अडकलं तर घोडा माणसाला फरफटत नेतो. म्हणून पडण्याआधी दोन्ही पावलं मोकळी करायची, लगाम सोडायचा, घोड्याच्या वाटेपासून बाजूला झेपावायचं आणि खांद्यावर गोलांटी घेत वेग जमिनीला देऊन टाकायचा. पडायची जागा आधीच खणून भुसभुशीत केलेली असते. कानटने एका बाजूने उघडी, इंग्रजी 'एल' अक्षराच्या आकाराची रिकीब वापरात आणली. तीत पाऊल अडकूच शकत नाही. आजवर किती स्वार तिच्यामुळे धडधाकट घरी गेले असतील!

मारामारीचं तंत्रही याच चित्रपटांत पक्कं झालं. तोवर नट एकमेकांच्या खांद्यावर-छातीवर खरेच हलके ठोसे मारत आणि ते हलकेच दिसत. वेन, कानट आणि दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरी यांनी 'पास सिस्टिम' बसवली. कॅमेरा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे, थोडा तिरपा ठेवायचा. मारणाऱ्याची मूठ हनुवटीसमोरून वीतभर अंतर राखून पूर्ण ताकदीने जाऊ द्यायची. ती नेमकी समोरून जाताना मार खाणाऱ्याने मान झटकायची. कॅमेऱ्याच्या बाजूने ते वीतभर अंतर दिसतच नाही, आणि नंतर थाडकन आवाज जोडला की ठोसा बसतो. चुकतं ते दोन ठिकाणी. कॅमेरा बाजूला सरकला तर मधली फट उघडी पडते, आणि मान अर्धा क्षण आधी झटकली तर ठोशाआधीच माणूस कोलमडतो. पुढे जगभर पडद्यावरच्या मारामाऱ्यांचा हाच पाया राहिला. हिंदी चित्रपटातल्या 'ढिशुम'मागेही तोच हिशेब आहे.

कानटची सर्वांत प्रसिद्ध करामत 'स्टेजकोच'मध्ये दिसते. धावत्या घोडागाडीच्या पुढच्या घोड्यांवर उडी, मग दोन रांगांच्या मधल्या जागेत जमिनीवर लोंबकळणं, आणि शेवटी हात सोडून देणं. सहा घोडे आणि पूर्ण गाडी अंगावरून निघून जाते. असं धाडस त्याने त्याआधीच छोट्या वेस्टर्नमध्ये घोटलं होतं. १९५९ च्या 'बेन-हर'मधली रथांची शर्यत उभी करण्यात त्याचा मोठा वाटा होता, आणि पुढे त्याला मानद ऑस्करही मिळालं.

'पण गोष्ट तर प्रत्येक वेळी तीच!'

आक्षेप खरा आहे. गावातला एक प्रतिष्ठित माणूस आतून गुंडांचा म्होरक्या असतो, नायकावर खोटा आळ येतो, नायक टोळीत शिरतो, शेवटी मुखवटा गळतो. ब्रॅडबरी आणि मंडळींनी हाच सांगाडा फिरवून फिरवून वापरला.

कोकणातला दशावतार डोळ्यांसमोर आणा. आख्यान पुराणातलं, सगळ्यांना ठाऊक. लिहिलेली संहिता नसते, पात्रं रंगमंचावरच संवाद रचतात. प्रेक्षक 'पुढे काय होणार' यासाठी रात्रभर बसत नाही. आजचा राजा प्रवेश कसा घेतो, युद्ध कसं रंगतं, संकासुर आज कुणाची खोडी काढतो, हे पाहायला तो बसतो. बी-वेस्टर्न याच जातीचा. सांगाडा माहीत असला की लक्ष कारागिरीवर जातं.

आणि कारागिरी कधी कधी थक्क करते. १९३४ चा 'रँडी राइड्स अलोन' घ्या. पहिल्या काही मिनिटांतच वेन एका एकाकी गुत्त्याशी येतो. आतून पियानो ऐकू येतोय. आत गेल्यावर कळतं की पियानो आपोआप वाजणारा आहे आणि खोलीत इतस्ततः प्रेतं पडली आहेत. कुणी बोलत नाही, संगीत म्हणजे फक्त ते यांत्रिक, आनंदी सूर. भिंतीवरच्या चित्राच्या डोळ्यांआडून कुणीतरी पाहत असतं. खर्च किती? एक खोली, एक पियानो, काही निजलेले एक्स्ट्रा. मोठ्या बजेटच्या चित्रपटालाही अशी सुरुवात सहज सुचत नाही. हॅरी फ्रेझरने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट पुढे नेहमीच्या वळणावर जातो, पण ती पहिली मिनिटं विसरता येत नाहीत.

जॉर्ज हेज हा दुसरा आनंद. पुढे तो 'गॅबी' हेज म्हणून, दाढीवाला बडबड्या म्हातारा साथीदार म्हणून अफाट गाजला. आपल्या तमाशात सोंगाड्याचं जे काम, तेच वेस्टर्नमध्ये या साथीदाराचं: नायकाच्या गंभीरपणाला हसू जोडायचं आणि प्रेक्षकाच्या मनातलं बोलायचं. लोन स्टारच्या काळात मात्र त्याचं सोंग अजून ठरलेलं नव्हतं. तो कधी नायिकेचा बाप, कधी शेरीफ, तर कधी खलनायक. त्यामुळे सुरुवातीला तो दिसला की या वेळी हा कोण निघणार, ही उत्सुकता खरी असते.

सगळंच जमलं असं नाही. मालिकेच्या पहिल्या चित्रपटात, 'रायडर्स ऑफ डेस्टिनी'मध्ये (१९३३), वेनला गाणारा काउबॉय केलं होतं. त्याला गाता येत नव्हतं, आवाज दुसऱ्याचा. चेहरा आणि आवाज यांचं जुळत नाही हे आजही लगेच कळतं. पुढे वेनने गाणं सोडलं. १९३५ मध्ये मोनोग्रामसह काही छोट्या कंपन्या एकत्र येऊन रिपब्लिक पिक्चर्स झाली, तेव्हा गाण्यासाठी खरोखरच गाणारा जीन ऑट्री त्यांच्याकडे होता, आणि १९३८ पासून रॉय रॉजर्स.

'हा खोटा इतिहास नाही का?'

बराचसा आहे. खरा गुराखी दिवसभर धुळीत गुरांमागे चालायचा आणि बंदूक क्वचितच चालवायचा. त्याची कला मुळात मेक्सिकन व्हाकेरोंकडून आली. 'रोडिओ', 'रँच', 'लासो' हे शब्दच स्पॅनिशमधले. खऱ्या गुराख्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मोठ्या संख्येने होते, पडद्यावर मात्र बहुतेक सगळे गोरे. 'द लॉलेस फ्रंटियर' (१९३४) मधला खलनायक अर्धा अपाची दाखवला आहे, आणि त्याचं मिश्र रक्त हीच जणू त्याच्या दुष्टपणाची खूण. हे तेव्हाही चुकीचं होतं. पाहताना ते नजरेआड करू नये. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी १९३७ मध्ये 'हार्लेम ऑन द प्रेअरी' निघाला आणि हर्ब जेफ्रीज हा गाणारा कृष्णवर्णीय काउबॉय पडद्यावर आला. तोही याच कमी पैशांच्या वाटेने.

पण एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. लोन स्टारच्या बहुतेक चित्रपटांत शत्रू मूळ निवासी नाहीतच. शंभर घोडेस्वारांचा हल्ला परवडणारा नव्हता. मग शत्रू कोण? सुटाबुटातला जमीनदार, सावकार, वकील. 'रायडर्स ऑफ डेस्टिनी'तला खलनायक खोऱ्यातलं पाणी अडवून बसला आहे आणि शेतकऱ्यांकडून पाण्याचे वाटेल ते पैसे मागतो आहे. नायक सरकारचा गुप्त प्रतिनिधी. शेवटी पाणी मोकळं होतं. १९३३ च्या अमेरिकेत गहाणापायी शेतं जात होती, दुष्काळाने माती उडत होती. त्या प्रेक्षकाला हे पाणी इतिहासातलं वाटलं नसणार. या चित्रपटांत घोडे आणि मोटारगाड्या बिनदिक्कत एकत्र येतात ('द लकी टेक्सन'मध्ये हेज मोटार हाकत पाठलागात उतरतो), तेही म्हणूनच फारसं खुपत नाही. कपडे जुने, दुखणं चालू वर्षातलं.

घोड्यांचं काय झालं?

या चित्रपटांवर प्रेम करणाऱ्यांनीही हे माहीत करून घ्यायला हवं. घोडा अचानक कोलमडून पाडायचा तर 'रनिंग डब्ल्यू' वापरत. पुढच्या पायांना पट्टे, त्यांना बारीक तार, ती पोटाखालच्या तंगाच्या कडीतून मागे नेऊन जमिनीत पुरलेल्या खुंटाला बांधलेली. तार संपली की दौडत्या घोड्याचे पुढचे पाय खालून ओढले जातात आणि तो कोलांटतो. स्वाराला क्षण ठाऊक असतो, घोड्याला नसतो. पाय मोडणं, मान मोडणं, आणि वाचलेल्या घोड्याने पुन्हा दौडायलाच घाबरणं, असे त्याचे परिणाम. कानटसकट अनेकांनी ही पद्धत वापरली.

१९३९ मध्ये एका मोठ्या स्टुडिओच्या चित्रपटात कड्यावरून पाण्यात पाडलेला घोडा मेला आणि लोक संतापले. १९४० पासून अमेरिकन ह्यूमेन असोसिएशन या प्राणिरक्षक संस्थेने हॉलिवूडमध्ये देखरेख सुरू केली. त्यानंतर लगामाच्या खुणेवर स्वतःहून आडवा होणारा, शिकवलेला घोडा हा रास्त मार्ग ठरला. जुना चित्रपट पाहताना फरक ओळखता येतो. शिकवलेला घोडा मान वळवून कुशीवर उतरतो, तारेचा घोडा डोक्यावर आपटतो.

मुंबईतही त्याच काळात

१९३५ मध्ये परळच्या वाडिया मूव्हीटोनने 'हंटरवाली' काढला. जे.बी.एच. आणि होमी वाडिया या भावांनी अमेरिकन स्टंटपट आणि सीरियल (भागाभागांनी दाखवले जाणारे चित्रपट) पाहून, घोटून, आपल्या पद्धतीने पचवले होते. त्यांची नायिका नादिया ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स. तोंडावर मुखवटा, हातात चाबूक, अन्यायी सत्तेविरुद्ध घोड्यावरून झेप. हॉलिवूडच्या गल्लीत पुरुष जे करत होते, ते मुंबईत एक बाई स्वतः, डुप्लिकेटशिवाय करत होती. तिचा 'पंजाब का बेटा' हा घोडाही गाजला. पुढे १९४२ मध्ये त्याच परळच्या आवारात व्ही. शांताराम यांचा राजकमल स्टुडिओ उभा राहिला.

हे फुकट कसे, आणि कोणती प्रत पाहावी?

अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याने चित्रपटाचा हक्क २८ वर्षं टिकायचा. २८व्या वर्षी अर्ज करून तो वाढवावा लागे. १९३४ चा चित्रपट म्हणजे अर्ज १९६१-६२ मध्ये. तोवर कंपन्या विकल्या-मोडल्या गेल्या होत्या. दूरचित्रवाणी आल्यावर १९५४ च्या सुमारास बी-वेस्टर्नच्या मालिकाच बंद पडल्या होत्या. अनेक चित्रपटांचे अर्ज कुणी केलेच नाहीत आणि ते सर्वांचे झाले. भारतीय कायद्यातली प्रदर्शनानंतरची ६० वर्षांची मुदतही त्यांच्या बाबतीत संपली आहे. मात्र नंतर चढवलेलं संगीत किंवा रंग यांवर वेगळा हक्क असू शकतो, म्हणून एखादा तुकडा वापरायचा असेल तर मूळ काळीपांढरी प्रतच घ्यावी.

पाहायलाही तीच घ्यावी. कुणाचेही असल्यामुळे कुणीही प्रती काढल्या, प्रतीवरून प्रत, आणि दर वेळी सावल्यांतला तपशील बुजत गेला. आधी लांबी बघा. मूळ चित्रपट ५०-५५ मिनिटांचा आणि समोरची प्रत चाळीसची असेल, तर दूरचित्रवाणीच्या वेळेत बसवायला तो कापलेला आहे. मग चौकट बघा. ती जवळजवळ चौरस हवी. आडवी, रुंद दिसत असेल तर वरून हॅट आणि खालून टापा छाटल्या गेल्या आहेत. पहिल्या पाठलागात सिंथेसायझरचं सलग संगीत ऐकू आलं तर ती १९८० च्या दशकातली डागडुजी. ती शांतता घालवते, म्हणून दुसरी प्रत शोधावी. एकाच चित्रपटाच्या चार-पाच प्रती सहज मिळतात. पहिल्या पाठलागात दोन मिनिटं थांबून तुलना करावी, हॅटच्या सावलीतले डोळे ज्या प्रतीत दिसतात ती ठेवावी.

सुरुवात 'रँडी राइड्स अलोन'ने करावी, मग 'रायडर्स ऑफ डेस्टिनी', मग 'द लकी टेक्सन', ज्यात नायक पाण्याच्या पन्हळीतून झाडाच्या फांदीवर बसून घसरत खाली येतो. पहिल्यांदा गोष्टीसाठी बघा. दुसऱ्यांदा लांबून टिपलेल्या दौडीत वेनची पाठ दिसेल, तेव्हा तिच्याकडे बघा. खांदे जरा जास्त रुंद, बैठक जरा जास्त खोल, लगाम एका हातात सैल. तो कानट आहे.